तीन दिवसांची धावपट्टी

आमच्या झाडीपट्टीत शर्यतीबद्दलचा पहिला प्रश्न 'कोण जिंकलं?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "औंदा पट कोणत्या गावाले हाय?" जागा आधी, जोडी नंतर. हापिसातल्या फॉर्म्युला वनवेड्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. पण त्यांच्याच लाडक्या खेळाचा अमेरिकेतला इतिहास चाळून बघा. उघड्या चाकांच्या गाड्या तिथे शहरातल्या रस्त्यांवर, पाण्याच्या काठी धावतात, आणि तिथेही गोष्ट जागेपासूनच सुरू होते. म्हणून या वीकांताला जरा आडवळणाचा विषय घेतोय. चंद्रपूर-गडचिरोलीचा शंकरपट आणि लाँग बीच, डेट्रॉइटच्या शर्यती यांच्यात काय सारखं आहे?

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा ही दोघांमधली हद्द बनली. अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. जिल्हे दोन झाले तरी पट, नाटक आणि सोयरीक नदी ओलांडून चालूच राहिली. गावोगावी जुने मालगुजारी तलाव, म्हणजे आपले 'मामा तलाव'. तलावाखाली धानाच्या बांध्या. पावसाळाभर त्यात गुडघाभर चिखल. दिवाळीच्या आगेमागे धान कापून झालं की त्याच बांध्या कोरड्या ठणठणीत. पुढच्या पावसापर्यंत त्या जमिनीला फारसं काम नसतं.

पट भरतो तो याच मोकळ्या जागेत. गावकरी आपापसात बोलून सलग जागा ठरवतात, मधले धुरे फोडून सपाट करतात, धसकटं काढतात, ढेकळं फोडतात, आणि सरळ रेषेत शेजारीशेजारी दोन धावपट्ट्या तयार होतात. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि वर धुरकरी. काही ठिकाणी जोडीविरुद्ध जोडी सोडतात, काही ठिकाणी घड्याळातल्या सेकंदांवर निकाल लागतो. वळण नाही, चढ नाही. सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. दोन-तीन दिवसांनी पट उठतो आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्याच जागेवर धुरे पुन्हा उभे राहतात. जुलैमध्ये त्या गावात जाऊन 'पटाचं मैदान कुठे?' म्हणून विचारलंत, तर लोक तुम्हाला रोवणी चाललेल्या चिखलाकडे बोट दाखवतील!

आता काही सेकंदांच्या खेळासाठी लोक पंचवीस-तीस किलोमीटरवरून का येत असतील? कारण पट हा एकट्या शर्यतीचा दिवस कधीच नव्हता. पट म्हणजे पाहुणे, दुकानं, मुलामुलींची स्थळं, बैलांची पारख आणि रात्री नाटक. पूर्वी लोक बैलगाडीने येत. रात्रीच्या वेळी जंगलातून परतायचं म्हणजे जीव मुठीत धरून. मग रात्र काढायची कशी? रात्रभर चालणारं नाटक बघून. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या मातीत वाढलेली झाडीपट्टी रंगभूमी अशा पटांच्या आणि मंडईच्या रात्रींवर पोसली गेली. आज वडशाला नाटक कंपन्यांची अख्खी बाजारपेठ आहे. गावातलं मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवतं, तिकिटं लावतं, मंडप घालतं. याच रंगभूमीवर उभं आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दिवसा बैल, रात्री संगीत नाटक, आणि दोन्हींसाठी उसनी घेतलेली जमीन एकाच शिवारातली.

महाराष्ट्रातल्या बाकीच्या शर्यती शेजारी ठेवून पाहिल्या की जमीन खेळाला कसा आकार देते ते लगेच कळतं. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळकडे डोंगरउताराचे 'घाट' आहेत. तिथे चार बैलांचा गाडा चढावर धावतो, पुढे घोडी असते आणि प्रत्येक गाड्याची 'बारी' सेकंदांत मोजतात. रायगडात अलिबागच्या बाजूला ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर बैलगाड्या पळतात. तिथे वेळापत्रक समुद्र ठरवतो, आयोजक नाही. आमच्याकडे ना डोंगर ना समुद्र. सपाट बांधी आहे, म्हणून सरळ रेषा आहे. कुणी मुद्दाम आराखडा काढला नाही. रिकामी जागा जशी मिळाली तशी शर्यत घडली.

हेच अमेरिकेत घडलं.

लाँग बीच हे लॉस एंजेलिसजवळचं बंदराचं गाव. १९७० च्या दशकात त्याची रया गेली होती. ख्रिस पूक नावाच्या मूळच्या इंग्रज ट्रॅव्हल एजंटच्या डोक्यात आलं की मोनॅकोसारखी शर्यत इथेही भरवता येईल. सप्टेंबर १९७५ मध्ये फॉर्म्युला ५००० गाड्यांची पहिली शर्यत झाली, १९७६ ते १९८३ फॉर्म्युला वन आली आणि १९८४ पासून अमेरिकेच्या स्वतःच्या इंडी प्रकारातल्या गाड्या तिथे धावू लागल्या. मारिओ आंद्रेत्ती १९७७ ला फॉर्म्युला वनमध्ये तिथे जिंकला आणि १९८४ ला इंडी प्रकारातली पहिली शर्यतही त्यानेच जिंकली. किनाऱ्यालगतचा शोअरलाइन ड्राइव्ह हा तिथला सगळ्यात वेगवान तुकडा. बाकी वर्षभर तो साधा रस्ता असतो.

क्लीव्हलंडमध्ये १९८२ पासून चक्क ईरी सरोवराच्या काठच्या विमानतळावर शर्यत व्हायची. विमानाच्या धावपट्टीच्या रुंदीमुळे पहिल्या वळणावर गाड्यांचा हा गोंधळ! फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला आजही समुद्राकाठच्या छोट्या विमानतळाची धावपट्टी आणि बाजूचे रस्ते जोडून मार्ग तयार करतात. टोरांटो खरं तर कॅनडात, पण मालिका तीच. तिथे १९८६ ते २०२५, मधली काही वर्षं सोडून, ऑन्टारिओ सरोवराजवळच्या प्रदर्शन मैदानावर शर्यत भरली. डेट्रॉइटला नदीकाठच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी खडबडीत, चौकाचौकात वळणारा मार्ग होता.

सगळीकडे पाणी कशाला? फोटो छान येतात हे आहेच. पण मला वाटतं खरं कारण जास्त रुक्ष आहे. शहराच्या काठावरच बंदरांच्या, रेल्वे यार्डांच्या, प्रदर्शनांच्या, विमानतळांच्या मोठ्या मोकळ्या जागा असतात. त्या बहुतेक सरकारी मालकीच्या, आणि एका बाजूला पाणी असल्यामुळे तिकडून रहदारी अडत नाही. म्हणजे आमच्या तलावाखालच्या बांधीचंच शहरी रूप. मालक वेगळा, गणित तेच: काही दिवस जागा द्या, गर्दी आणि पैसा घ्या, मग जागा परत.

आणि म्हणूनच अशा शर्यती मरतात तेव्हा गाड्या हळू झाल्या म्हणून मरत नाहीत. जागा देणाऱ्याचं मन फिरतं. डेट्रॉइटमध्ये १९८२ ते १९८८ फॉर्म्युला वन झाली, शेवटच्या तीन वर्षी तिथे आयर्टन सेना जिंकला. मग जागतिक संघटनेला कायमस्वरूपी सोयी हव्या होत्या, शहराला त्या परवडणाऱ्या नव्हत्या, आणि फॉर्म्युला वन गेली. १९९२ मध्ये इंडी प्रकारातली शर्यत नदीतल्या बेल आइल बेटावर सरकली. ते बेट म्हणजे लोकांचं फिरायचं उद्यान. तीन दिवसांच्या शर्यतीसाठी भिंती-कुंपणं उभारायला आणि काढायला आठवडे लागायचे. आमचं बेट आम्हाला परत द्या, असा नागरिकांचा आवाज वाढत गेला आणि २०२३ मध्ये शर्यत परत शहराच्या रस्त्यांवर आली. बाल्टिमोरच्या बंदरातली शर्यत तर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं टिकली. क्लीव्हलंड २००७ नंतर बंद. याउलट लाँग बीच पन्नाशी ओलांडून चालू आहे, कारण त्या गावाने ती शर्यत आपली मानली.

आपल्याकडचं ताजं उदाहरण चंद्रपूरहून दूर नाही. बल्लारशाहून रेल्वेने खाली उतरलं की काझीपेठ आणि मग हैदराबाद. तिथे हुसेनसागरच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ ला फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या उघड्या चाकांच्या गाड्यांची जागतिक शर्यत झाली. ज्याँ-एरिक वर्न जिंकला. कौतुक झालं, रस्ते बंद म्हणून लोकांनी बोटंही मोडली. वर्षअखेर राज्यात सत्ताबदल झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुढची शर्यत रद्द झाली. एकच शर्यत, संपलं!

आता पटाकडे परत येऊ. आमच्या पटाच्या बाबतीत मन फिरलं ते जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचं नव्हे, कायद्याचं. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने ज्यांचे खेळ करायला मनाई आहे अशा प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्यासोबत बैलही घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. बैलाचं शरीर ओढकामाचं आहे, घोड्यासारखं धावण्यासाठी घडलेलं नाही, असा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. २०१७ मध्ये मरीना किनाऱ्यावरच्या आंदोलनानंतर तमिळनाडूने कायदा बदलला, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बदलला, पण इथलं प्रकरण उच्च न्यायालयात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, चित्रीकरण, आणि चाबूक-काठी-शॉक पूर्ण बंद. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

न्यायालय चुकलं होतं असं माझ्याने म्हणवत नाही. तुतारीची आर बैलाच्या पुठ्ठ्यात घुसते तेव्हा संस्कृती वगैरे शब्द फार पोकळ वाटतात. लाँग बीचच्या भिंतीला गाडी घासली तर पत्रा दुखत नाही. इथे धावणारा जीव आहे आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. हा फरक झाकून दोन्ही शर्यतींची तुलना करणं अप्रामाणिकपणा होईल.

पण बंदीच्या साडेसात वर्षांत आणखी काही घडत होतं, ज्याबद्दल कुणी याचिका केली नाही. बैलच कमी होत होते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातल्या नर गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. शेतात ट्रॅक्टर आले. पूर्वी पटाची जोडी ही आठवड्याभरापूर्वी धानाचे भारे वाहणारी जोडी असायची. तिच्या पळण्यात गावाला शेतकऱ्याची निगराणी दिसायची: चारा कसा घातला, खूर कसे राखले, हाक कशी लावली. आता पटाचा बैल बहुतेक वेळा फक्त पटाचाच असतो. त्याचा खुराक वेगळा, सराव वेगळा, किंमत लाखांत. बांधी देणारा शेतकरी आणि जोडी आणणारा मालक ही दोन वेगळी माणसं होत चालली आहेत. मोटारींच्या शर्यतीत हे फार आधी झालं. घरची गाडी घेऊन शर्यतीत उतरायचे दिवस संपले आणि शर्यतीची गाडी शर्यतीशिवाय कशाच्याच कामाची उरली नाही.

इथे मला काळजी वाटते. कागदावर पट वाचला आहे, पण ज्या गावात कुणाच्याच गोठ्यात बैल नाही ते गाव धुरे फोडायला किती वर्षं तयार होईल? उद्या बांधीत उन्हाळी धान घेता आलं, किंवा रस्त्यालगतच्या जमिनीचे प्लॉट पडले, तर तीन दिवस तरी कोण देईल? बंदी आणणारं न्यायालय डोळ्यांसमोर दिसतं, त्याच्याशी भांडता येतं. मन उडालेल्या शेजाऱ्याशी कसं भांडणार?

नाटकाचं उदाहरण मात्र आशा देणारं आहे. पट बंद होते तेव्हाही नाटकं बंद पडली नाहीत. मंडई होती, इतर निमित्तं होती, गावातली मंडळं तिकिटं खपवतच राहिली. नाटक कंपनी वडशाची असली तरी खेळ गावाचा राहिला. पटाचंही तसंच व्हायला हवं: नियम पाळणारा, हात मोकळे ठेवून नुसत्या हाकेवर जोडी पळवणारा, आणि बाहेरच्या बक्षिसांपेक्षा गावच्या जोड्यांना आधी जागा देणारा पट. एक जरी बैल आरीने रक्तबंबाळ झालेला कॅमेऱ्यात सापडला तर परवानगी पुन्हा जाईल, आणि त्या वेळी 'आमची परंपरा' म्हणून ओरडायला आमच्याकडे तोंड नसेल.

मंडळी, हिवाळ्यात जमलं तर एकदा या. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी गाडी पकडा आणि वडशाला उतरा. नाटकांचे फलक पाहून कुणालाही विचारा, पट कुठे आहे ते कळेल. कोण जिंकलं ते बघाच, पण त्याआधी धुरकऱ्याचे हात बघा आणि पायाखालची जमीन बघा. मग रात्री शेकोटी, चहा आणि पहाटेपर्यंत नाटक. सोमवारी हापिसात पेंग येईल त्याला मी जबाबदार नाही.