घण, भाता आणि हवेचा हातोडा

वाचकहो, वखराची पास झिजली की तुम्ही ती उचलून लोहारसाळेत नेता. तिथे ऐरणीपाशी दोन माणसे दिसतात. एकाच्या हातात सांडशी आणि लहान हातोडा, दुसऱ्याच्या हातात घण. लहान हातोडा जिथे टिचकी मारील तिथे घण पडायचा, असा दोघांचा न बोलता ठरलेला करार. पुष्कळ घरी हा घण उचलणारी लोहाराची बायकोच असते, आणि मधल्या वेळात भाताही तीच ओढते. हा घण आपल्याकडे किती जुना आहे आणि आता त्याच्या जागी यंत्र कसे येते आहे, ते थोडे पाहू.

नागपूरच्या भोवतालचे लोखंड फार जुने. शहराच्या पश्चिमेला जुनापाणी येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरली आणि १८७९ साली त्यांची हकीकत छापली. तशीच वर्तुळे माहुरझरीला, टाकळघाटला आणि पेंच नदीकाठी नैकुंडला. ही दफने. मेलेल्या माणसाबरोबर त्याची कुऱ्हाड, कट्यार, छिन्नी, घोड्याचा लगामसुद्धा पुरलेला. कुऱ्हाडी तर पाहण्यासारख्या आहेत. दांडा घालायला नेढे नाही. पाते दांड्याला टेकवून वरून लोखंडी पट्ट्यांची आडवी आवळणी केलेली. म्हणजे दांडा बसवण्याची अडचण त्या लोहारालाही होती, आणि तिच्यावर त्याने आपल्यापरीने तोड काढली होती.

नैकुंडला १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. भाजक्या मातीच्या विटांची, वीतदीड वीत रुंदीची, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसकट. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराची. अशा भट्टीतून लोखंड वितळून वाहत नाही. मळीने भरलेला, स्पंजासारखा गोळा निघतो. तो तापवून ठोकायचा, पुन्हा तापवून ठोकायचा, तेव्हा कुठे मळी बाहेर पडते आणि लोखंड हाती लागते. हत्यार घडवणे पुढची गोष्ट. लोखंड मिळवायलाच आधी घण हवा! माहुरझरीच्या एका छिन्नीची धातुशास्त्रीय तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ती छिन्नी पोलादाची निघाली. गुरुजी, मुलांना सहलीला न्याल तेव्हा दगडांच्या वर्तुळापाशी उभे राहून एवढे जरूर सांगा.

मधली शतके मी भराभर ओलांडतो, कारण घावाची रीत त्यांत फारशी पालटली नाही. दंडाचे बळ हीच मर्यादा होती. ती मोडली विलायतेत. ‘ग्रेट ब्रिटन’ या आगबोटीसाठी इतका जाड आस हवा होता की तो घडवायला कोणी तयार होईना. तेव्हा १८३९ साली जेम्स नॅस्मिथने वाफेने उचलला जाणारा घण कागदावर काढला. गंमत अशी की बोटीचा बेतच बदलला आणि तो आस लागला नाही. आणखी गंमत म्हणजे त्याचे चित्र पाहून फ्रान्समधल्या ल क्रुझो येथील कारखान्याने तो घण आधीच उभा केला. नॅस्मिथला १८४२ साली तिथे गेल्यावर आपलेच यंत्र चालताना दिसले. मग त्याने परत येऊन पेटंट घेतले. पेल्यात अंडे ठेवून, पेला न फोडता, या अवाढव्य घणाने तो अंड्याचे कवच टिचकवून दाखवी. लोकांना खरे आश्चर्य वाटे ते त्या घणाच्या आज्ञाधारकपणाचे.

पण वाफेला बॉयलर हवा, कोळसा हवा. आपल्या लोहाराच्या झोपडीत तो कसा मावणार? विजेची मोटार आली आणि वाफेची जागा हवेने घेतली. रचना सोपी आहे. शेजारी शेजारी दोन नळकांडी. एकात मोटारीने दट्ट्या खालीवर होतो आणि हवा दाबतो. ती हवा दुसऱ्यात जाऊन घणाला वर उचलते आणि खाली हाणते. खाली एक पायदांडी असते. हलकी दाबली तर टिचक्या, जोरात दाबली तर घाव. लहान साळेला पंधरा-वीस किलोंचा घणही पुरतो, आणि तो मिनिटाला दोनशेच्या वर घाव घालतो.

या वेगाचे महत्त्व समजून घ्या. विळ्याचे, कोयत्याचे पाते पातळ, म्हणून ते पटकन निवते. ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन हाताने कोयता घडवायचा तर तो पुन्हा पुन्हा भट्टीत घालावा लागतो. दर तावाला वरची खपली झडते, लोखंड वाया जाते आणि धारेतला कर्ब जळतो. घाव भराभर पडले तर तेच काम थोड्या तावांत उरकते, कोळसा वाचतो आणि धार कसदार राहते. मात्र निवत चाललेल्या पोलादावर हा घण चालवला तर पाते चिरते, आणि हाताने ठोकताना मनगटाला जो इशारा मिळतो तो इथे मिळत नाही. रंग पाहून पाय उचलायला शिकावे लागते.

आणखीही अडचणी आहेत. ऐरणीखाली भक्कम पाया हवा, नाहीतर शेजाऱ्याच्या भिंतीतली भांडी वाजू लागतात. वीज भरवशाची हवी. आणि पैसा! गावातल्या एकट्या लोहाराला हे यंत्र झेपणे कठीण, हे उघड आहे. चार घरांनी मिळून घेतले तर जमण्याजोगे आहे. यंत्राने माणसाचे काम जाते अशी तक्रार ऐकू येते. दुसऱ्याच्या साळेत मजुरीने घण मारणाऱ्यापुरती ती खरीही आहे. पण लोहाराच्या घरी जी बाई सकाळपासून घण मारते, मग स्वयंपाकाला लागते, तिला आधी विचारा. माझे मत तिच्या बाजूने आहे.

पाणी द्यायचे काम मात्र हा हातोडा करीत नाही. पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवायचे, मग पुन्हा हलके तापवून धारेवर गवती पिवळा रंग चढताना पाहायचा आणि नेमक्या क्षणी थांबायचे. थोडा उशीर झाला की रंग निळ्यावर जातो आणि धार मऊ पडते. त्या वेळी मोटार बंद असते, आणि भट्टीजवळ उजेड कमी करून लोहार पात्याकडे बघत बसलेला असतो.