परसातील मिरची

परसातील मिरचीच्या रोपाला आपण त्याचे मूळ गाव सहसा विचारीत नाही. ते गाव अमेरिका खंडात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारतात आली, आणि मिरीसारखी तिखट म्हणून आपण तिला 'मिरची' हे घरचेच नाव दिले.

पेरू देशात व मेक्सिकोत वास्तव्य केलेले येशूसंघीय धर्मगुरू होसे दे आकोस्ता यांनी १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. थंड डोंगराळ मुलखात ती होत नाही, उष्ण खोऱ्यांत पाटाच्या पाण्यावर होते, असे ते नोंदवितात. बेताने खाल्ल्यास ती पचनास साहाय्य करते. अतिरेक मात्र तरुणांच्या देहास व विशेषतः आत्म्यास बाधक, असा इशाराही ते देतात!

वसईवरील पोर्तुगीज अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत चालला. तो गेला, मिरची राहिली. ईस्ट इंडियन घरांतील बॉटल मसाल्याला तिखटपणा तिचाच.

श्रद्धेपायी आपल्यालाही कधी कधी परके म्हटले जाते. तेव्हा हे रोप आठवावे. पाहुणे म्हणून आलेले ते या मातीत रुजले, आणि आज मराठी घरातला ठेचा त्याच्यावाचून होत नाही.