एच-निर्देशांक : आरोग्य संशोधकाच्या प्रभावाचे मोजमाप

एखाद्या शोधनिबंधाचा आधार नंतरच्या निबंधांनी जितक्या वेळा घेतला, तितके त्याचे संदर्भोल्लेख, अर्थात 'सायटेशन' मानले जातात. या उल्लेखांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. एका निबंधावरून त्याच विषयावरचे पुढचे निबंध शोधता यावेत, हा मूळ हेतू होता. नेमणुका, बढत्या व अनुदाने या आकड्यांवर ठरू लागली ती नंतर.

व्यक्तीच्या मोजमापासाठी आज सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे एच-निर्देशांक. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचविला. समजा, एखाद्या संशोधकाच्या सात निबंधांना अनुक्रमे ५०, ३०, १२, ९, ७, ६ व ४ उल्लेख मिळाले. सहा निबंधांना प्रत्येकी किमान सहा उल्लेख आहेत, सातव्याला मात्र चारच. म्हणून त्याचा निर्देशांक ६. एकच गाजलेला निबंध हा आकडा फुगवू शकत नाही, हा त्याचा गुण. मात्र तो कधीच घटत नसल्याने ज्येष्ठांना आपोआप झुकते माप मिळते. शिवाय 'स्कोपस' व 'गुगल स्कॉलर' येथे एकाच व्यक्तीचे आकडे वेगवेगळे दिसतात. 'एस. पाटील' अशा नावाच्या अनेक व्यक्ती सूचीत एकच होऊन बसतात, ही आपल्याकडची खास अडचण. २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळखक्रमांक त्यावर उपाय म्हणून उपलब्ध आहे.

आरोग्य संशोधन एकट्याने क्वचितच होते. त्यामुळे सहलेखनाचे जाळेही तपासले जाते : प्रत्येक लेखक हा एक बिंदू आणि संयुक्त निबंध ही त्यांना जोडणारी रेषा. जागतिक रोगभाराच्या अभ्यासात एकेका निबंधाला शेकडो लेखक असतात व उल्लेखांचे पूर्ण श्रेय प्रत्येकाच्या खात्यावर जमा होते. काही अभ्यासक म्हणून श्रेय लेखकसंख्येने विभागतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी पहिल्या दोनच लेखकांचे श्रेय धरण्याचे ठरविले होते. नावापुरत्या लेखकांना त्याने आळा बसला असेलही, पण मधल्या क्रमांकावरच्या संख्याशास्त्रज्ञावर तो अन्यायच होता.

उल्लेख म्हणजे मान्यता नव्हे. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 'लॅन्सेट'मधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला; त्याला मिळालेल्या शेकडो उल्लेखांपैकी बहुसंख्य त्याचे खंडन करणारे आहेत. यंत्राला हा फरक सहसा कळत नाही.

उलट बाजू गडचिरोलीत दिसते. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. त्यामुळे तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. त्या निबंधाचे उल्लेख सूचीत मोजता येतात. 'आशा' ताईने बाळंतिणीच्या घरी दिलेली भेट मात्र त्यात कुठेही नोंदली जात नाही.