भाऊरावांनंतरची चार वर्षे: नाटकमंडळीची नटभरती आणि जळगावात शिकलेला एक मुलगा

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक मिळाला, की तेथील चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: हा किती चांगली मुले आणील? तो शाळकरी खेळाडूंच्या घरी जातो, आईबापांशी बोलतो, मुलाला संघात कोणती जागा मिळेल याची ग्वाही देतो. भरती साधली तर श्रेय त्याचे, फसली तर दोषही त्याचाच. तो खेळ आपल्याकडचा नव्हे. पण हा प्रश्न मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासाला विचारून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण मंडळीचे मरणजीवन गाणाऱ्या मुलांवर अवलंबून असे, आणि मंडळीची सूत्रे हाती घेणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाची पारख याच कामात होई.

किर्लोस्कर नाटकमंडळीचेच उदाहरण घेऊ. 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदारांनी केली होती. दोन वर्षांनी अण्णासाहेब किर्लोस्करांना बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मिळाले आणि मंडळीचे रूपच पालटले. अण्णासाहेब 1885 मध्ये वारले, तरी भाऊरावांच्या गळ्यावर मंडळी उभी राहिली. 1901 मध्ये भाऊरावही गेले. आता सूत्रे नानासाहेब जोगळेकर आणि शंकरराव मुजुमदार या दोघांकडे आली. म्हणजे एके काळची शकुंतला आता नवी शकुंतला शोधू लागली! शोधाला चार वर्षे लागली. 1905 मध्ये मिरजेच्या मुक्कामी नारायण श्रीपाद राजहंस मंडळीत दाखल झाले, आणि पुढचा इतिहास वर्गावर्गांत शिकवला जातो.

तो शिकवताना आपण बहुधा म्हणतो की मंडळीने बालगंधर्वांना ‘शोधून काढले’. हे क्रियापद आम्हांस खटकते. नारायण तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्या गळ्याची कीर्ती आधीच पसरली होती. लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकून त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले ही आख्यायिका 1898 च्या सुमाराची, म्हणजे मंडळीतील प्रवेशापूर्वी सातएक वर्षे. आणि त्या गळ्याला पहिले शास्त्रशुद्ध वळण लागले ते पुण्यात नव्हे, कोल्हापुरातही नव्हे, तर जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. खानदेशातील विद्यार्थ्यांना बालगंधर्वांचे नाव नाट्यगृहावरून ठाऊक असते. या शिक्षकाचे नाव मात्र अध्यापकांपैकीही फार थोड्यांच्या तोंडी आढळते.

जळगावच का, असा प्रश्न कोणी विचारील. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता; पूर्व आणि पश्चिम अशी त्याची फाळणी 1906 ची. जी. आय. पी. रेल्वेच्या मुख्य मार्गावरची जळगाव-भुसावळ ही ठाणी, चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा, सुरतेकडून अमळनेरला येणारी तापी खोऱ्यातील रेल्वे आणि कापसाचा पैसा, यांमुळे हा मुलूख कलावंतांच्या वाटेवर आला होता. बडोदे, इंदूर, नागपूर या दरबारांच्या आणि शहरांच्या मधोमध तो पडतो. गवई, नट, कीर्तनकार यांचा राबता अशा ठिकाणी वाढतो. एखाद्या खाँसाहेबांना तेथे शागीर्द मिळावेत यात नवल नाही. भरतीचे पहिले काम अशा गावांत, मंडळीच्या नकळत, होऊन गेलेले असते.

मग जोगळेकर-मुजुमदारांचे श्रेय काहीच नाही काय? आहे, पण ते गळा हेरण्याचे नव्हे. नारायणाच्या कानांत दोष होता, उपचारासाठी शाहू महाराजांनी त्याला मिरजेस पाठविले, आणि मंडळीकडे त्याचा ओढा वळला तो महाराजांच्या शब्दाने. त्या काळी नाटकवाल्यांत मुलगा देणे म्हणजे घराण्याला कमीपणा, ही भावना ब्राह्मण कुटुंबांत तीव्र होती. मालकाने कितीही गोड बोलून ती वितळली नसती. छत्रपतींच्या मध्यस्थीला वेगळे वजन होते. दुसरे, मंडळीत जागा रिकामी होती, आणि ती साधी जागा नव्हती, भाऊरावांची होती. तिसरे कारण आम्ही सर्वांत मोठे मानतो. गोविंद बल्लाळ देवल हे बेळगावात अण्णासाहेबांचे विद्यार्थी होते. मंडळीची तालीम त्यांच्या हातात होती. एकेक वाक्य, एकेक पाऊल घोटून घेणारा हा तालीममास्तर पूर्वीच्या आणि नव्या कारभारात समान होता. वरचा माणूस बदलला तरी शिकवणारा हात टिकून राहिला, म्हणूनच नव्या कारभाऱ्यांच्या शब्दाला किंमत आली. मुलगा पाठविणाऱ्याला खरे विचारायचे असते ते हेच: तेथे त्याला शिकवणार कोण?

या भरतीची एक काळी बाजू आहे आणि ती भास्करबुवा बखल्यांच्या चरित्रात दिसते. मुलगा असताना ते याच मंडळीत होते. ‘रामराज्यवियोगा’त त्यांनी कैकेयी केली आणि बंदे अलीखाँसारखा बीनकार त्यांच्या गाण्यावर लुब्ध झाला. मग वयाप्रमाणे आवाज फुटला. ज्या गळ्यासाठी मुलाला आणले, तो गळाच हरवला म्हणताच मंडळीतील त्यांचा मान ओसरला. ते बाहेर पडून बडोद्याला फैज महंमदखाँ यांच्याकडे गेले, आणि पुढे मोठे गवई होऊन परतले. बालगंधर्वांच्या गाण्यावर शेवटचा हात फिरविला तो याच भास्करबुवांनी. 1916 च्या ‘स्वयंवरा’च्या चाली त्यांच्याच. पण भास्करबुवा अपवाद होते. आवाज फुटल्यावर ज्यांना बडोदे गाठता आले नाही, अशा मुलांची गणती कोणी ठेवलेली नाही. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ किंवा चिंतामणराव कोल्हटकरांची ‘बहुरूपी’ ही आत्मचरित्रे आम्ही आदराने वाचतो. तरीही ती टिकून राहिलेल्यांनी लिहिली आहेत हे विसरता येत नाही.

आणि यश आले तरी ते कोणाचे, हा प्रश्न उरतोच. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’ आले. धैर्यधर जोगळेकर, भामिनी बालगंधर्व. त्याच वर्षी जोगळेकर वारले. 1913 मध्ये बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटकमंडळी काढली. मुजुमदारांच्या कारभाराला दोष देण्याची रीत आहे, आणि त्यात तथ्य असेल. पण मूळ पेच रचनेत होता. प्रेक्षक ज्या गळ्यासाठी तिकीट काढीत तो गळा एकाचा, आणि मंडळी दुसऱ्यांची. जितका थोर नट आणावा तितकी फूट जवळ येई.

किर्लोस्कर मंडळीने पुन्हा भरती केली. 1914 च्या सुमारास गोव्याकडचा चौदाएक वर्षांचा दीनानाथ मंगेशकर तिला मिळाला. म्हणजे मंडळीचे नाव अजून मुले खेचीत होते. पण 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथही निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी, 1916 मध्ये, देवल वारले होते. तालीममास्तर गेल्यावर घडलेली ही फूट आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही.

दीनानाथांच्या निमित्ताने कथा पुन्हा खानदेशात येते. धुळे जिल्ह्यातील तापीकाठचे थाळनेर ही फारुकींची जुनी राजधानी. तेथील हरिदास लाड या सधन गृहस्थांनी आपली मुलगी नर्मदा या नाटकमंडळीच्या मालकाला दिली, आणि ती वारल्यावर धाकटी शेवंतीही दिली. लता मंगेशकरांचे आजोळ ते हेच. 1905 मध्ये मुलगा नाटकात धाडायला छत्रपतींचा शब्द लागला होता. विशीच्या दशकात खानदेशातील एका प्रतिष्ठित व्यापारी घराने नटाला जावई करून घेतले, तेही दोनदा. मधल्या वर्षांत मंडळ्यांनी जी पत कमावली होती, तिचा हा पुरावा नाटकांच्या जाहिरातींपेक्षा आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. एव्हाना किर्लोस्कर मंडळीचे दिवस मात्र भरत आले होते.