वाकणारी वात
चरबीच्या मेणबत्तीतील पिळाची सुती वात ज्योतीत ताठ उभी राही, तिचे टोक पुरते जळत नसे आणि धरलेली काजळी कात्रीने वारंवार काढावी लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली; जळताना ती वाकून ज्योतीच्या कडेला, म्हणजे प्राणवायू मिळेल अशा जागी येई आणि तिची आपोआप राख होई. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी चरबीतून वेगळ्या केलेल्या, मेणबत्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या कठीण स्टिअरिक आम्लाची कीर्ती मोठी असली, तरी स्वच्छ उजेडाचे श्रेय या वातीलाही तितकेच द्यायला हवे. आम्ल आणि वात या दोन्हींचे महत्त्व पुढेही टिकले. १९९० च्या दशकात अमेरिकेत सोयामेण, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेले सोयाबीन तेल, प्रचारात आले. ते मऊ असल्याने आधाराविना उभ्या राहणाऱ्या स्तंभाकार मेणबत्तीसाठी त्यात अनेकदा स्टिअरिक आम्लच मिसळतात, आणि वात जाड झाली तर कड फुटून मेण ओघळते, बारीक झाली तर ज्योत वितळलेल्या मेणात बुडते.