नर की मादी? एका प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास

कोंबडीपालनात एआय म्हटलं की आपल्यापुढे शेडमधले कॅमेरे आणि सेन्सर येतात. आज मी तुम्हाला थोडं मागे नेणार आहे, एका साध्या प्रश्नापर्यंत. एक दिवसाचं पिल्लू हातात आहे. ते नर की मादी?

प्रश्न साधा, पण सगळा हिशोब त्यावर. अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींतला नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं वजनही धरत नाही. पूर्वी तुरा दिसेपर्यंत काही आठवडे त्यालाही दाणा घालावा लागे. १९२०च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या बारीक उंचवट्यावरून पहिल्याच दिवशी लिंग ओळखता येतं. १९२७ साली ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही पद्धत मांडली गेली. पुढे जपानी तज्ज्ञ अमेरिका-कॅनडात जाऊन हे काम करू लागले. मुरलेला माणूस तासाला हजारच्या आसपास पिल्लं निवडतो आणि चुका अगदी थोड्या करतो.

पण हे ज्ञान बोटांत आणि नजरेत. शब्दांत कसं आणायचं? १९८७ साली बीडरमन आणि शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी तोच प्रयत्न केला. तज्ज्ञाच्या डोक्यातले नियम काढून संगणकाला द्यायचे, हा त्या काळच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा मार्ग होता. त्यांनी एका अनुभवी तज्ज्ञाकडून नेमकं कुठे आणि काय बघायचं ते समजून घेतलं आणि थोडक्या सूचनांत बसवलं: फुगीर असेल तर नर, सपाट किंवा खोलगट असेल तर मादी. नवख्या माणसांची १८ फोटोंवरची अचूकता साधारण ६० टक्क्यांवरून ८४वर गेली! अर्थात, फोटो वेगळा आणि चिवचिवणारं पिल्लू वेगळं.

आता दुसरी बाजू बघू. पहिल्या दिवशी ओळखता आलं, म्हणून पहिल्याच दिवशी नराला मारणंही सोयीचं झालं. एकट्या जर्मनीत वर्षाला सुमारे साडेचार कोटी नर पिल्लं मारली जात. २०१९ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने ही प्रथा फक्त तात्पुरती चालू ठेवता येईल असं सांगितलं आणि १ जानेवारी २०२२पासून कायद्याने ती बंद झाली.

मग प्रश्न अंड्यात शिरला. म्युनिकजवळच्या ऑर्बेम या कंपनीने अंडं न फोडता एमआरआय काढायला सुरुवात केली. उबवणीचे २१ दिवस असतात. त्यातल्या बाराव्या दिवसाच्या सुमारास प्रतिमा घेतली जाते आणि ती वाचतं एआय. इथे नियम कोणी सांगत नाही. हजारो प्रतिमा बघून यंत्र स्वतःच शिकतं.

म्हणजे बघा, उत्तर देणारा बदलला: आधी बोट, मग नियम, आता यंत्र. प्रश्न मात्र तोच राहिला. आपल्या परसातल्या गावरान कोंबड्याला हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, कारण तिथे नरालाही किंमत होती. तो निरुपयोगी ठरला तो आपण अंड्याची जात आणि मांसाची जात वेगळी केली तेव्हा. ते काही यंत्राने ठरवलेलं नाही. ते आपण ठरवलं, आणि त्याचा फेरविचारही आपल्यालाच करावा लागेल.