दोनदा पाडलेलं चर्च

परवा दादाचा फोन आला. वाड्याचं काय ते नक्की करायचंय, बिल्डर परत येऊन गेला, तू सहीला कधी येतोस? आमचा वाडा कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. राहायला आता एकटी आक्का (आमची मोठी आत्या). मी म्हटलं, बघू. "बघू बघू करत भिंत अंगावर येईल," दादा म्हणाला. त्याचंही खोटं नाही. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची कौलं आलीच होती खाली.

फोन ठेवला आणि का कोण जाणे, मुंबईचं एक चर्च आठवलं. आठवलं म्हणजे, मी ते पाहिलेलं नाही. पाहणं शक्यच नाही.

नोसा सेन्योरा द एस्पेरान्सा, म्हणजे आशेची माता. पोर्तुगीजांच्या काळातलं हे चर्च मुंबईच्या किल्ल्याबाहेर, एस्प्लनेडवर होतं. १७६० च्या सुमारास इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती होती. शत्रू आला तर त्याला आडोसा मिळू नये, तोफांना समोर मोकळं रान हवं, म्हणून किल्ल्यासमोरचं सगळं साफ करायचं ठरलं. त्यात चर्च गेलं. क्रॉस मैदानातला क्रूस त्याचीच खूण मानतात. फ्रेंच काही मुंबईवर आले नाहीत, पण मैदान राहिलं. आज तिथे पोरं क्रिकेट खेळतात, त्यातल्या किती जणांना क्रॉस हे नाव कशावरून पडलं ते ठाऊक असेल?

चर्च मग भुलेश्वरला नव्याने उभं राहिलं. आजूबाजूला कावेलसारखी जुनी ख्रिस्ती वस्ती होती. पुढे ते बिशपांचं मुख्य चर्च झालं. मग भुलेश्वर-काळबादेवीचा बाजार फुगत गेला, घरांची गोदामं झाली आणि बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं शहरात दुसरीकडे गेली. शेवटी पुनर्विकासासाठी तेही पाडलं. मान गेला कुलाब्याच्या होली नेम चर्चला. ते १९०५ चं, दोन उंच मनोऱ्यांचं. १९६४ साली पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा त्यांनी दिलेली घंटा तिथेच आहे.

मला खटकतो तो दोन पाडण्यांमधला फरक. पहिल्यांदा माणसं होती आणि सरकारने चर्च हलवलं. दुसऱ्यांदा माणसंच आधी निघून गेली होती. मग दोष कुणाला देणार? बिल्डरला शिव्या देणं सोपं, पण रिकामं घर त्याने केलेलं नसतं. ते आम्हीच केलं. मी पुण्याला आलो १९९८ ला, दादा त्याच्याही आधी ठाण्याला.

मुंबईत अशी आणखीही आहेत. माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२ चं. रेल्वेसाठी ते १९११ मध्ये पाडलं आणि दोन वर्षांत भायखळ्याला नवं बांधलं. दादरचं पोर्तुगीज चर्च तर मूळ १५९६ चं, आजची इमारत मात्र चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात केलेली. तिथे जागा तीच आणि माणसंही तीच, म्हणून इमारत बदलली तरी फारसं बिघडलं नसावं. (कोल्हापुरात १८५२ साली आलेल्या वायल्डरसाहेबांच्या नावाचं चर्च आहे. शाळेत जाताना आम्हाला ते 'वाईल्डर' म्हणजे रानटी कुणीतरी वाटायचं!)

असो. भुलेश्वरला शेवटी जी चार-दोन घरं उरली असतील, त्यांना कुणी विचारलं असेल का, हे मात्र डोक्यातून जात नाही. कारण आमच्या कागदांवर आम्हा चौघा चुलतभावंडांच्या सह्या लागतात, आक्काची लागत नाही. तिने म्हणे बावीस वर्षांपूर्वीच हक्कसोड करून दिलंय.

रविवारी जातोय. सही बहुतेक करेनच. पण आधी आक्काजवळ बसून विचारायचंय, माडीवरच्या देव्हाऱ्याचा कोनाडा आणि परसातला तो रांजण, यांचं काय करू म्हणून. दादाला अजून सांगितलेलं नाही.